मेजर चॅरिटी ॲडम्स आणि सत्तर लाख पत्ते

फौजी घरातल्या मुलाला ५६ एपीओ हा पत्ता समजावून सांगावा लागत नाही. पाकिटावर गावाचे नाव नसते, राज्याचे नसते. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी हा आकडा. तेवढ्यावर पत्र थेट बर्फातल्या चौकीपर्यंत जाते. मधे कोणाचे हात लागतात हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आपल्या आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअरचे केंद्र नागपूरजवळच्या कामठीला आहे, हे महाराष्ट्रातल्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. रणगाडे आणि तोफा यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, टपालाच्या थैल्यांच्या फारशा कोणी सांगत नाही.

अशा थैल्यांशी झुंजलेल्या एका अधिकाऱ्याची ही जीवनकथा आहे. अमेरिकेच्या मेजर चॅरिटी ॲडम्स यांनी दुसऱ्या महायुद्धात युरोपात एका टपाल बटालियनचे नेतृत्व केले, तेव्हा त्यांचे वय होते २६. ज्या सैन्यासाठी त्यांनी रात्रंदिवस काम केले, त्याच सैन्यात त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांच्या टेबलावर जेवायला बसण्याची मुभा नव्हती. हुकूम पाळायचा कुठे आणि मान ताठ ठेवायची कुठे, हा प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा आला. त्यांनी तो कसा सोडवला, हे गणवेश चढवू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखे आहे.

चॅरिटीचा जन्म ५ डिसेंबर १९१८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किट्रेल या लहान गावी झाला. चार भावंडांत ती थोरली. बालपण गेले ते साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया येथे. वडील कृष्णवर्णीयांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मगुरू होते. ग्रीक आणि हिब्रू या भाषा त्यांना येत असत. आई शिक्षिका होती. घरात अभ्यासाला आणि शिस्तीला फार मान होता.

घराबाहेरचे जग वेगळे होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वर्णभेद कायद्यानेच लागू होता. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. बसमध्ये मागची बाके काळ्यांची. आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ, दवाखान्यांतले कक्ष, सगळे वेगवेगळे. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये. पाणवठे वेगळे असणे म्हणजे काय, हे आपल्या देशानेही पाहिलेले आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला तो त्याच कारणाने.

अशा वातावरणात चॅरिटी शाळेत पहिली आली. पुढे ओहायो राज्यातील विल्बरफोर्स विद्यापीठात तिने गणित, भौतिकशास्त्र आणि लॅटिन हे विषय घेतले आणि १९३८ साली पदवी मिळवली. कोलंबियाला परत येऊन ती गणित आणि विज्ञान शिकवू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओहायो स्टेट विद्यापीठात जाऊन मानसशास्त्राचा पुढचा अभ्यासही सुरू होता. शिक्षिकेचे सरळ, सन्मानाचे आयुष्य समोर होते.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. पुरुषांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा १९४० पासूनच होता. त्या कायद्याखाली युद्ध संपेपर्यंत सुमारे एक कोटी तरुणांना गणवेश घालावा लागला. शेतावरचा मुलगा, गिरणीतला कामगार, दुकानातला कारकून, सगळे समुद्रापलीकडे गेले. स्त्रियांना मात्र सक्ती नव्हती. मे १९४२ मध्ये स्त्रियांसाठी विमेन्स आर्मी ऑक्झिलरी कोअर हे साहाय्यक दल स्थापन झाले, ते स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी. चॅरिटीने अर्ज केला आणि निवड झाली. जुलै १९४२ मध्ये ती आयोवा राज्यातील फोर्ट डे मॉइन या छावणीत दाखल झाली.

अधिकाऱ्यांच्या पहिल्या वर्गात ४४० स्त्रिया होत्या, त्यांत कृष्णवर्णीय सुमारे ४०. ओहायोहून निघालेल्या गटातल्या गोऱ्या आणि काळ्या मुली प्रवासात एकत्र बसल्या होत्या, एकत्र जेवल्या होत्या, त्यांच्या ओळखी झाल्या होत्या. छावणीत पाऊल टाकताच एका तरुण अधिकाऱ्याने काळ्या मुलींना एका बाजूला उभे राहायला सांगितले. राहण्याच्या बराकी वेगळ्या, जेवणाची टेबले वेगळी. वर्गातले धडे आणि मैदानावरची कवायत मात्र सर्वांना सारखीच कडक होती. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस वर्ग पुरा झाला. या दलात अधिकारपद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून इतिहासात चॅरिटी ॲडम्स यांची नोंद झाली.

पुढची अडीच वर्षे त्या फोर्ट डे मॉइनलाच प्रशिक्षणाच्या कामावर होत्या. १९४३ मध्ये साहाय्यक दलाचे रूपांतर विमेन्स आर्मी कोअरमध्ये झाले आणि स्त्रिया रीतसर सैन्याचा भाग बनल्या. त्याच वर्षी त्यांना मेजरचा हुद्दा मिळाला. याच काळात छावणीत काळ्या स्त्रियांची वेगळी प्रशिक्षण रेजिमेंट करावी, अशी योजना पुढे आली. तिचे नेतृत्व मेजर ॲडम्स यांच्याकडे येणार होते. करिअरच्या दृष्टीने ही मोठी संधी होती. त्यांनी ती नाकारली. आपल्या बढतीसाठी वर्णभेदाची भिंत आणखी उंच होणार असेल, तर ते पद त्यांना नको होते. त्यांच्या नकारानंतर ती योजना बारगळली.

दरम्यान युरोपात एक वेगळेच संकट वाढत होते. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि फ्रान्समधून पूर्वेकडे सरकू लागल्या. युनिटे रोज जागा बदलत होती. जखमी सैनिक इस्पितळात जात, तिथून बदली तुकडीत जात, तिथून तिसरीकडे. डिसेंबरमध्ये जर्मनांनी आर्देनच्या जंगलात मोठा प्रतिहल्ला चढवला आणि उरलीसुरली घडीही विस्कटली. घरून आलेली पत्रे इंग्लंडमधल्या गोदामांत साचत गेली. नाताळची पार्सले जानेवारी संपला तरी तशीच पडून होती. खंदकातल्या सैनिकाला वाटे, घरचे विसरले. घरच्यांना वाटे, उत्तर येत नाही म्हणजे काही बरेवाईट झाले असावे. टपाल नसेल तर सैन्याचे मनोबल खचते, हे सेनापतींना आकडे न मांडताही कळत होते.

याच वेळी अमेरिकेत दुसरा एक दबाव वाढत होता. गोऱ्या स्त्री सैनिकांना परदेशी पाठवले जात होते, काळ्यांना नाही. शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लाउड बेथून यांनी हा प्रश्न लावून धरला, अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही पाठिंबा दिला. अखेर युद्ध खात्याने मान्यता दिली. अशा रीतीने ६८८८वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन उभी राहिली. तिच्यात पुढे ८५५ स्त्रियांनी सेवा केली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेली कृष्णवर्णीय स्त्री सैनिकांची ही एकमेव बटालियन.

जानेवारी १९४५ मध्ये मेजर ॲडम्स आणि त्यांच्या सहायक कॅप्टन ॲबी कॅम्बेल यांना विमानाने युरोपकडे रवाना करण्यात आले. हुकुमाचे पाकीट मोहोरबंद होते आणि ते विमान समुद्रावर आल्यावरच उघडायचे होते. आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत, हे त्यांना आकाशात कळले. इकडे बटालियनच्या स्त्रियांनी जॉर्जिया राज्यातील फोर्ट ओगलथॉर्प येथे परदेशसेवेचे प्रशिक्षण घेतले. दोरीच्या जाळीवरून चढणे-उतरणे, गॅस मास्क वापरणे, शत्रूची जहाजे आणि विमाने ओळखणे, पाठीवर ओझे घेऊन लांब चालणे, हे सगळे त्यात होते. टपाल छाटायला जाणाऱ्यांना हे कशाला, असे कोणाला वाटेल. पण वाटेत अटलांटिक महासागर होता आणि त्यात जर्मन पाणबुड्या होत्या.

पहिली मोठी तुकडी ईल द फ्रान्स या जहाजाने फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघाली. पाणबुड्या चुकवत, नागमोडी वळणे घेत जहाज ग्लासगोला लागले. बंदरावर उतरताच जवळच एक जर्मन उडता बाँब फुटला आणि सगळ्यांना आडोशाला पळावे लागले, असे सांगितले जाते. युद्धभूमीशी ही पहिली ओळख. तिथून आगगाडीने त्या बर्मिंगहॅमला पोचल्या. काही दिवसांतच वरिष्ठ सेनानी जनरल ली यांच्यासमोर बटालियनचे संचलन झाले. प्रवासाने शिणलेल्या स्त्रियांनी पावले इतकी चोख टाकली, की बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर जमलेली माणसे पाहत राहिली. त्या शहराने पुढे त्यांना आपले मानले. घरी चहाला बोलावले, शेजारी बसवले. आपल्याच देशात जे मिळत नव्हते ते परक्या देशात मिळाले, याची नोंद त्यांच्यापैकी अनेकींनी नंतर केली आहे.

मुक्काम होता किंग एडवर्ड्स स्कूल या शाळेच्या इमारतीत. काम चालायचे त्या गोदामांची अवस्था वाईट होती. हवाई हल्ल्याच्या भीतीने खिडक्या काळ्या रंगवलेल्या, त्यामुळे दिवसाही अंधार. उजेड मंद, शेगडी नाही. स्त्रिया गणवेशाखाली लांब लोकरी कपडे आणि वर जाड कोट घालून काम करत. छतापर्यंत थैल्या रचलेल्या होत्या. पार्सलांतला केक आणि बिस्किटे यांना वास सुटला होता आणि त्या वासावर उंदीर आले होते.

खरे आव्हान होते पत्त्यांचे. युरोपातल्या अमेरिकन सैनिकांची, अधिकाऱ्यांची आणि इतर कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे सत्तर लाख होती. प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड, त्यावर सैनिक क्रमांक आणि सध्याचे युनिट. माणूस हलला की कार्ड बदलायचे. एका दिवसात एकाच माणसाचे कार्ड दोनदा बदलावे लागण्याचीही वेळ येई. त्यात नावे सारखी. केवळ रॉबर्ट स्मिथ या नावाचे साडेसात हजार सैनिक होते. त्यांच्यातला नेमका रॉबर्ट कोणता, हे फक्त क्रमांकावरून ठरे. ज्या पाकिटावर क्रमांकच नाही, तिथे पाठवणाऱ्याचे गाव, जुने युनिट, पोस्टाचा शिक्का असे धागे जुळवत शोध घ्यावा लागे. काही आयांनी तर पाकिटावर मुलाचे लाडाचे नाव लिहून खाली फक्त अमेरिकन सैन्य एवढेच लिहिलेले असे. महाराष्ट्रातल्या एखाद्या माउलीने बाळ्या, भारतीय सेना असे लिहून पाकीट पेटीत टाकावे, तसाच हा प्रकार. तेही पत्र बाजूला टाकायचे नाही, असा बटालियनचा दंडक होता.

फुटलेली पार्सले पुन्हा बांधणे हे आणखी एक काम होते. आणि सगळ्यांत जड काम होते मृत सैनिकांच्या पत्रांचे. आधी कार्ड पाहून खात्री करायची, मग पाकिटावर शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत करायचे. घरच्यांना अधिकृत खबर पोचण्याआधी परतीचे पाकीट पोचता कामा नये, म्हणून इथे घाईही चालत नसे आणि चूकही. हातातल्या पाकिटावरचे अक्षर आईचे आहे की पत्नीचे, हे काम करणारीला दिसत असे. तरी हात थांबवून चालत नव्हते.

मेजर ॲडम्स यांनी काम तीन पाळ्यांत बांधले. आठ-आठ तासांची पाळी, आठवड्याचे सातही दिवस. प्रत्येक पाळीत सरासरी ६५,००० पत्रे मार्गी लागत. बटालियनची मेस, वाहने, दवाखाना, सगळे स्त्रियाच चालवत. पहारेकरी स्त्रियांना शस्त्रे दिलेली नव्हती, तेव्हा त्यांनी जुजुत्सू शिकून घेतले. केस विंचरण्या-धुण्याची सोय असलेले छोटे केशकर्तनालयही मेजर ॲडम्स यांनी उभे करून घेतले. काहींना ही चैन वाटेल. पण ज्या माणसांकडून आपण रात्रपाळीत अचूक काम मागतो, त्यांच्या रोजच्या गरजांकडे लक्ष देणे हे सेनाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे त्या मानत.

साचलेले टपाल संपवायला वरिष्ठांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. ६८८८व्या बटालियनने ते तीन महिन्यांत संपवले. बर्मिंगहॅममध्ये हाताळलेल्या टपालाचा आकडा सुमारे एक कोटी सत्तर लाख सांगितला जातो.

याच काळातला एक प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रामुळे प्रसिद्ध झाला. एक जनरल तपासणीला आले. पाहतात तो बटालियनच्या सगळ्या स्त्रिया मैदानावर हजर नाहीत. एक पाळी कामावर होती, रात्रपाळी करून आलेल्या झोपल्या होत्या. मेजर ॲडम्स यांनी ते शांतपणे सांगितले. जनरलना ते पटले नाही. ही बटालियन कशी चालवायची हे शिकवायला आपण एका गोऱ्या लेफ्टनंटला पाठवू, असे ते सर्वांदेखत म्हणाले. मेजरला लेफ्टनंट शिकवणार, आणि तो केवळ गोरा म्हणून! मेजर ॲडम्स यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले, की आपल्या जिवात जीव असेपर्यंत हे होणार नाही. उत्तराच्या शेवटी सर म्हणायला त्या विसरल्या नाहीत.

जनरलनी कोर्ट मार्शलची तयारी चालवली. आता इथे पुष्कळ जण दोनपैकी एक मार्ग धरतात. कोणी घाबरून माफी मागतो, कोणी संतापून आणखी बोलतो. मेजर ॲडम्स यांनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी सर्वोच्च मुख्यालयाचे लेखी आदेश काढून वाचले. वर्णावरून फूट पडेल अशी भाषा वापरू नये, अशी ताकीद दोस्त सैन्याच्या मुख्यालयाने दिलेली होती. त्या आदेशाच्या आधारे त्यांनी जनरलविरुद्ध उलट आरोपपत्र तयार करायला घेतले. ही बातमी जायची तिथे गेली आणि जनरलनी आपली कारवाई मागे घेतली. पुढे फ्रान्समध्ये त्यांची पुन्हा भेट झाली, तेव्हा त्या जनरलनी मेजर ॲडम्स यांच्याबद्दल आदर व्यक्त केला.

हा प्रसंग सांगताना पुष्कळदा त्यांच्या त्या एका उत्तरावरच भर दिला जातो. पण त्यांना तारले ते उत्तराने नव्हे, त्याच्या पाठीमागे असलेल्या चोख कामाने आणि नियमांच्या अभ्यासाने. बटालियन ढिली असती, पाळ्यांचा हिशेब लागत नसता, तर ते उत्तर उद्धटपणा ठरले असते.

दुसरा प्रसंग लंडनचा. रजेवर जाणाऱ्या स्त्री सैनिकांसाठी रेड क्रॉसने लंडनमध्ये हॉटेलची सोय केली होती. काळ्या स्त्रियांसाठी मात्र वेगळे हॉटेल उघडण्याचे ठरले. ते हॉटेल चांगले सजवलेले होते. मेजर ॲडम्स यांनी आपल्या स्त्रियांना समजावून सांगितले, की सोय उत्तम असली तरी तिच्या पाठीमागे हेतू आपल्याला दूर ठेवण्याचा आहे. त्यांनी कोणाला मनाई केली नाही. तरी बटालियनच्या स्त्रिया तिथे राहायला गेल्या नाहीत. हुकुमाशिवाय शेकडो माणसे एका विचाराने वागतात, तेव्हा त्या अधिकाऱ्याने विश्वास किती मिळवला असेल याची कल्पना येते.

मे १९४५ मध्ये युरोपातले युद्ध संपले आणि बटालियन फ्रान्समधील रूआँ या शहरी हलली. जोन ऑफ आर्कला जिथे जाळण्यात आले ते हेच शहर. तिच्या स्मरणार्थ झालेल्या समारंभात ६८८८व्या बटालियनने संचलन केले. इथेही टपालाचे ढीग वाट पाहत होतेच. काही पत्रे दोन-दोन वर्षांपूर्वीची होती. पुन्हा कार्डे, पुन्हा पाळ्या, पुन्हा तीच चिकाटी. हेही काम मुदतीआधी झाले.

८ जुलै १९४५ रोजी रूआँजवळ जीपचा अपघात झाला आणि बटालियनच्या तीन स्त्रिया दगावल्या. मेरी बँक्स्टन, मेरी बार्लो आणि डोलोरेस ब्राऊन ही त्यांची नावे. अंत्यविधीच्या खर्चाची तरतूद युद्ध खात्याकडून झाली नाही. बटालियनच्या स्त्रियांनी आपापसात पैसे जमवले. ज्यांना घरच्या व्यवसायामुळे या कामाची माहिती होती, त्यांनी मृतदेहांची व्यवस्था केली. पूर्ण लष्करी सन्मानाने त्यांना निरोप दिला गेला. नॉर्मंडीच्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत, त्यांत स्त्रियांच्या फक्त चार. त्या चारांपैकी तीन या टपाल बटालियनच्या आहेत.

शरद ऋतूत बटालियन पॅरिसला गेली. घरी परतणाऱ्यांमुळे संख्या कमी होत होती. मेजर ॲडम्स मायदेशी परतल्या. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. युद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्यातल्या त्या सर्वोच्च हुद्द्याच्या कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होत्या. मार्च १९४६ मध्ये त्यांनी सेवा सोडली. बटालियन न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स येथे विसर्जित झाली, तेव्हा ना मिरवणूक निघाली, ना सत्कार झाला. स्त्रिया आपापल्या गावी गेल्या आणि पुन्हा बसच्या मागच्या बाकांवर बसल्या. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश अध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो जुलै १९४८ मध्ये.

नागरी जीवनात चॅरिटी ॲडम्स यांनी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे केले आणि मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. निवृत्त सैनिकांच्या खात्यात काम केले, पुढे टेनेसी आणि जॉर्जिया राज्यांतल्या महाविद्यालयांत जबाबदारीची पदे सांभाळली. १९४९ मध्ये स्टॅन्ली अर्ली यांच्याशी विवाह झाला. ते तेव्हा झुरिक येथे वैद्यकीचे शिक्षण घेत होते. पतीबरोबर त्या स्वित्झर्लंडला गेल्या, जर्मन शिकल्या आणि तिथेही मानसशास्त्राचा अभ्यास केला. परतल्यावर ओहायोतील डेटन या शहरी त्यांनी घर केले. दोन मुले झाली. संसार सांभाळून शिक्षण, आरोग्य, समाजसेवा अशा अनेक संस्थांत त्यांनी काम केले. १९८२ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांना नेतृत्वाचे शिक्षण देणारा उपक्रम त्यांनी डेटनमध्ये सुरू केला. १९८९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १३ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, डेटन येथेच त्यांचे निधन झाले.

मान्यता फार उशिरा आली. २०१८ मध्ये कॅन्सस राज्यातील फोर्ट लेव्हनवर्थ येथे बटालियनचे स्मारक उभे राहिले. २०२२ मध्ये ६८८८व्या बटालियनला काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला. २०२३ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील फोर्ट ली या छावणीला चॅरिटी ॲडम्स आणि दुसरे एक कृष्णवर्णीय अधिकारी आर्थर ग्रेग यांची नावे देण्यात आली. २०२५ मध्ये ती नावे काढून छावणीचे नाव पुन्हा फोर्ट ली करण्यात आले. पाटीवर नाव लागते आणि उतरतेही. बर्मिंगहॅमच्या थंड गोदामात छाटलेली पत्रे मात्र पोचली ती पोचलीच.

आपल्यापैकी सगळ्यांच्या वाट्याला आघाडीवरचे शौर्य येईलच असे नाही. कोणी रसद पाहील, कोणी दळणवळण, कोणी टपाल. नेमून दिलेले काम लहान वाटले, तर मेजर ॲडम्स यांची कार्डे आठवावीत. साडेसात हजार रॉबर्ट स्मिथांपैकी प्रत्येकाची आई वेगळी होती आणि प्रत्येकीचे पत्र त्याच रॉबर्टच्या हाती पडायला हवे होते. ते पडावे म्हणून कोणीतरी रात्री दोन वाजता, मंद दिव्याखाली, क्रमांकाचा शेवटचा आकडा पुन्हा एकदा तपासून पाहत होते. आणि कधी वरिष्ठांसमोर नाही म्हणण्याची वेळ आलीच, तर आधी आपले काम चोख आहे ना आणि नियम आपल्याला पाठ आहेत ना, हे पाहावे. मग सरळ उभे राहून बोलावे, आणि शेवटी सर म्हणावे.